अंदाज आणि नोंद एका पानावर

२०२५ च्या जानेवारीत एकाच वर्षाच्या उष्णतेविषयी दोन निरनिराळे आकडे जगापुढे आले. जागतिक हवामान संघटनेने सांगितले की २०२४ साली पृथ्वीचे सरासरी तपमान १.५५ अंश सेल्सिअसने वाढलेले होते. अमेरिकेच्या ‘नासा’ने जाहीर केले की ही वाढ १.२८ अंशांची आहे. सामान्य वाचकाने यातून काय बोध घ्यावा? चहाच्या दुकानात बसून दोन वृत्तपत्रे चाळणारा मनुष्य सहज म्हणेल की शास्त्रज्ञांचेच आपसात जमत नाही, तेथे आम्ही विश्वास कोणावर ठेवावा? त्याची शंका मूर्खपणाची नाही. मात्र तिचे उत्तर अगदी साधे आहे, आणि ते त्याला कोणी सांगत नाही हे खरे दुखणे आहे. ‘नासा’ १९५१ ते १९८० या तीस वर्षांची सरासरी शून्य धरून मोजते. जागतिक संघटना १८५० ते १९०० या काळाची सरासरी शून्य धरते. एकाच माडाची उंची एकाने जमिनीवरून मोजावी आणि दुसऱ्याने ओट्यावर उभे राहून, तसा हा प्रकार. माड तोच आहे. ‘नासा’ने आपला आकडा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मोजला तेव्हा तो सुमारे १.४७ भरला, आणि जागतिक संघटनेने आपल्या आकड्यात ०.१३ अंशाची चूकभूल आधीच कबूल केलेली होती. म्हणजे भांडण उरलेच नाही.

हवामानाच्या प्रश्नावर आज जो गलबला चालू आहे, त्याचा मोठा भाग या असल्या न जुळवलेल्या आकड्यांतून उपजलेला आहे. शास्त्राच्या दोन वह्या आहेत. एकीत पदार्थविज्ञानाच्या नियमांवरून संगणकाने केलेले अंदाज, ज्यांना ‘मॉडेल’ म्हणतात. दुसरीत तपमापकाने घेतलेल्या प्रत्यक्ष नोंदी. या दोन वह्या एकाच मापाने, एकाच आरंभबिंदूपासून, एका पानावर शेजारी शेजारी मांडणे हे काम कारकुनी वाटते. त्याला मानमरातब नाही, त्यावर सभा-संमेलने गाजत नाहीत. परंतु अंदाज खरा ठरला की खोटा, हे ठरविण्याचा नागरिकाचा अधिकार नेमका याच कारकुनीवर उभा आहे.

या कामाचा पाया ज्याने घातला तो व्यवसायाने हवामानशास्त्रज्ञ नव्हताच. गाय स्ट्युअर्ट कॅलेंडर हा इंग्लंडमधील वाफेच्या यंत्रांचा इंजिनियर. त्याने जगभरच्या सुमारे दोनशे ठाण्यांच्या तपमानाच्या नोंदी गोळा केल्या, हाताने बेरजा-वजाबाक्या केल्या आणि १९३८ साली लंडनच्या रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढे निबंध ठेवला. मागील पन्नास वर्षांत पृथ्वी दरसाल ०.००५ अंशाने तापली, असे नोंदी सांगत होत्या. कोळसा जाळून हवेत सोडलेल्या कर्बवायूमुळे दरसाल सुमारे ०.००३ अंशाची वाढ व्हावी, असे त्याचे गणित सांगत होते. अंदाज आणि नोंद एका निबंधात समोरासमोर आली. त्या सभेत ब्रिटिश हवामान खात्याचे तेव्हाचे प्रमुख सर जॉर्ज सिम्प्सन हजर होते; हे गृहस्थ पूर्वी आपल्या सिमल्याच्या हवामान खात्यात नोकरीस होते. त्यांना हा मेळ योगायोग वाटला. अधिकारपदावरील माणसाला बाहेरच्याचे गणित पटणे अवघडच असते. २०१३ साली, म्हणजे पंचाहत्तर वर्षांनी, कॅलेंडरच्या हातच्या हिशेबाची आधुनिक नोंदींशी तुलना झाली, तेव्हा दोन्ही आश्चर्य वाटावे इतके जुळले.

नोंद म्हणजे वेदवाक्य, असेही कोणी समजू नये. समुद्राच्या तपमानाची कथा आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांनी तर मुद्दाम ऐकावी अशी आहे. पूर्वी बोटीवरील खलाशी दोराला बांधलेली बालदी समुद्रात सोडून पाणी वर ओढीत आणि त्यात तपमापक बुडवीत. बालदी कॅनव्हासची असली, तर वर येईपर्यंत वाऱ्याने पाणी उडून ते थोडे थंड होई. पुढे यंत्र थंड राखण्यासाठी बोटीत जे पाणी घेतात, त्याचेच तपमान टिपण्याचा प्रघात पडला. यंत्राच्या उबेने तो आकडा किंचित चढा येई. दुसऱ्या महायुद्धात बहुतेक नोंदी अमेरिकन बोटींच्या होत्या आणि त्या यंत्राच्या पाण्यावरून घेत. १९४५ साली युद्ध संपले, ब्रिटिश बोटी पुन्हा समुद्रावर आल्या, आणि त्या बालदी वापरीत. परिणाम असा की आलेखात त्या वर्षी समुद्र एकाएकी थंड झालेला दिसू लागला. समुद्र थंड झाला नव्हता, बालदी बदलली होती. हे २००८ साली उलगडले! ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर त्या काळी गोव्याचे असंख्य खलाशी होते. त्या बालद्यांपैकी काही आमच्याच माणसांनी ओढल्या असतील, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

याच समुद्राने पुढे मॉडेलांवरही आळ आणला. मॉडेलांचे अंदाज नोंदींपेक्षा चढे आहेत, अशी ओरड अनेक वर्षे चालू होती. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाचे केव्हिन काउटन व त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली दाखवून दिले की तुलनाच विषम होती. मॉडेलांतून समुद्रावरील हवेचे तपमान घेतले जात होते, नोंदी होत्या पाण्याच्या. आणि तापणाऱ्या जगात पाण्यापेक्षा हवा थोडी अधिक वेगाने तापते. शिवाय बर्फाळ ध्रुवप्रदेशांत ठाणी विरळ. मॉडेलातूनही जेथे पाणी तेथे पाण्याचाच आकडा घेतला, तेव्हा १९७५ ते २०१४ या काळातील तफावतीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग नाहीसा झाला.

मग जुने अंदाज प्रत्यक्षात कसे उतरले? १९८८ साली जेम्स हॅन्सन यांनी वर्तविलेली वाढ पुढे झालेल्या वाढीच्या सुमारे दीडपट निघाली. टीकाकारांनी तेवढेच उचलून धरले. परंतु अशा अंदाजात दोन गोष्टी एकत्र असतात: माणसे किती वायू सोडतील याची अटकळ, आणि अमुक वायूने तमुक उष्णता वाढेल हे गणित. शेतकरी म्हणतो, शंभर इंच पाऊस पडला तर इतके खंडी भात होईल. पाऊसच ऐंशी इंच पडला आणि भात कमी झाले, तर त्याचे शेतीचे ज्ञान खोटे ठरते काय? हॅन्सन यांनी गृहीत धरलेले शीतकरणाचे घातक वायू १९८७ च्या माँट्रियल करारामुळे आटोक्यात आले, मिथेनही अपेक्षेइतका वाढला नाही. झीक हाउसफादर व सहकाऱ्यांनी २०१९ साली, १९७० ते २००७ या काळातील चौदा मॉडेलांचे सतरा अंदाज नोंदींशेजारी मांडले. सतरापैकी दहा जसेच्या तसे जुळले. प्रत्यक्षात सोडलेल्या वायूंचा हिशेब घालताच चौदा जुळले, त्यांत हॅन्सनही आले.

हे उघड मांडले नाही की काय होते, त्याचा धडा ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने २००९ साली घेतला. तेथील शास्त्रज्ञांची खाजगी पत्रे चोरून प्रसिद्ध करण्यात आली आणि जगभर कोलाहल माजला. चौकशांत आकडे बनविल्याचा आरोप टिकला नाही. पण माहिती मागणाऱ्यांशी वागताना पुरेसा मोकळेपणा दाखविला नाही, हा ठपका मात्र आला. काही देशांच्या नोंदी कराराने बांधलेल्या होत्या हे खरे. तरी २०११ साली त्या जवळजवळ सर्व खुल्या केल्या गेल्या. त्याच सुमारास, या नोंदींवर स्वतः शंका घेणारे कॅलिफोर्नियाचे पदार्थवैज्ञानिक रिचर्ड मुलर यांनी सर्व हिशेब नव्याने केला, आणि उत्तर तेच आले. ज्यांनी परकी राजवटीची सेन्सॉरशाही भोगली आहे, त्यांना दप्तर बंद ठेवल्याने संशय कसा पोसला जातो, हे वेगळे सांगावयास नको.

मोकळेपणा म्हणजे स्वतःच्या उण्या बाजूही दाखविणे. नव्या पिढीतील काही मॉडेले वाजवीपेक्षा अधिक तापतात, हे शास्त्रज्ञांनीच २०२२ साली लिहून सांगितले. २०२३ ची उष्णता तर अंदाजांच्याही पुढे गेली, आणि ‘नासा’च्या गॅव्हिन श्मिट यांनी तिचा पुरता उलगडा होत नसल्याचे पुढच्याच वर्षी कबूल केले. दोन वह्या शेजारी असल्यामुळेच या कबुल्या शक्य झाल्या.

हे सारे विलायतेतले झाले. आपल्या घरात काय आहे? नोंदी ठेवणारे भारतीय हवामान खाते १८७५ पासून चालू आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने स्वतःचे मॉडेल तयार केले, आणि ते जागतिक तुलनेत सामीलही झाले. केंद्र सरकारच्या २०२० च्या अहवालाने सांगितले की १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तपमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. उष्ण कटिबंधातील हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे एक अंशाने तापला, आणि त्याच मुदतीत पश्चिम घाटावरील मोसमी पावसात ठळक घट दिसली. पणजीस आल्तिन्यावर वेधशाळा आहे, दोनापावलास समुद्रविज्ञान संस्था आहे. सामग्री आहे, माणसे आहेत. मात्र गोमंतकातील शेतकऱ्याला स्वतःच्या भाषेत वाचता येईल असे, पणजीची नोंद आणि पणजीचा अंदाज शेजारी दाखविणारे एकही पान आमच्या पाहण्यात नाही. आकडे संगणकाच्या अशा साच्यांत साठविलेले असतात की ते उघडण्यासच निराळी विद्या लागते. २०२३ च्या मार्चमध्ये उष्णतेच्या लाटेच्या इशाऱ्याने आपल्या शाळा दुपारपूर्वी सोडाव्या लागल्या. मागील पन्नास वर्षांत असा मार्च कितीदा आला, पुढील तीस वर्षांत किती वेळा येईल, हे आईबापांनी कोठे पाहावे?

हे पान तयार करणे सोपे नाही, याची आम्हाला जाणीव आहे. जागतिक मॉडेलाचा एक चौकोन बहुधा शंभर किलोमीटरच्या आसपास असतो; ३,७०२ चौरस किलोमीटरांचा आपला गोवा त्या एका चौकोनात मावतो, आणि कळंगुटची वाळू व सत्तरीचे रान यांना तेथे एकच आकडा मिळतो. म्हणून बारीक चौकोनांची प्रादेशिक मॉडेले घ्यावी लागतील. ठाण्याभोवती सिमेंटच्या इमारती उठल्या असतील, तर त्यांची ऊब निराळी काढावी लागेल; उपकरण केव्हा बदलले, जागा केव्हा हलविली, हे सारे पानाच्या तळाशी स्पष्ट लिहावे लागेल. बालदीची गोष्ट विसरून चालणार नाही.

राज्य सरकारने हवामान खाते, समुद्रविज्ञान संस्था आणि गोवा विद्यापीठ यांना एकत्र बसवून हे काम त्यांच्याकडे सोपवावे. प्रथम केवळ पणजी आणि मुरगाव ही दोन ठिकाणे घ्यावीत, शून्य कोणत्या वर्षांचे धरले ते वर ठळक छापावे, आणि दर महिन्याचा प्रत्यक्ष आकडा आला की अंदाजाच्या रकान्याशेजारी तो भरावा. जुळला तर जुळला, चुकला तर चुकला. हे पान मराठीत तयार झाले, तर ते दर महिन्याला छापण्यासाठी आमच्या अंकात जागा राखून ठेवण्यास आम्ही तयार आहोत.