देवाची पेटी आणि पुजाऱ्याचे इमान

पौष पौर्णिमा आली की मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलबाजार गजबजतो, घोंगड्यांची दुकाने लागतात आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांतून माणसे देवदर्शनाला लोटतात. या पर्वकाळी देवाच्या पेटीत जे द्रव्य पडते, त्याविषयी चार शब्द बोलावेत, असे मनात आहे. त्यासाठी आख्यान घेतो ते मात्र आपल्या पुराणांतले नव्हे, तर ख्रिस्ती बांधवांच्या ‘जुन्या करारा’तले.

परक्याचे आख्यान कशाला, असे कोणी विचारील. भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने चोवीस गुरू केले. त्यांत अजगर होता, मधमाशीही होती. जेथून बोध मिळेल तेथून तो घ्यावा, हीच आपली रीत. शिवाय फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने हीच जुन्या करारातली कथा मराठी ओवीत बांधून १६१६ साली गोमंतकात ‘ख्रिस्तपुराण’ छापविले. त्याने आपली ओवी घेतली. आपण त्याच्या ग्रंथातला एक पुरोहित घेऊ.

त्याचे नाव यहोयादा. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकात तो यरुशलेमच्या मंदिरात मुख्य याजक होता. अथल्या राणीने राजवंशाचा संहार आरंभिला, तेव्हा याजकाची पत्नी यहोशेबा हिने योवाश हे तान्हे बाळ उचलून आणले. सहा वर्षे ते मंदिरात गुप्तपणे वाढले. सातव्या वर्षी यहोयादाने त्याला सिंहासनावर बसविले. देवकीच्या बाळाला गोकुळात वाढविणाऱ्या नंदयशोदेची आठवण येथे कोणाला होणार नाही? राज्य हाताशी आले असता या पुरोहिताने ते स्वतःपाशी ठेवले नाही. ज्याची ठेव, त्याला दिली.

पुढचा प्रसंग अधिक मोलाचा. मंदिराची पडझड झाली होती. जीर्णोद्धारासाठी द्रव्य जमत होते; परंतु राजाच्या कारकीर्दीचे तेविसावे वर्ष लागले तरी याजकांनी काम केले नव्हते. राजाने जाब विचारला. तेव्हा यहोयादाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा लेखक आणि मुख्य याजक अशा दोघांनी मिळून पैसे मोजावयाचे आणि सुतार, गवंडी, पाथरवट यांना द्यावयाचे, असा क्रम ठरला. त्या कारागिरांकडे मात्र हिशेब मागितला जात नसे, कारण ते इमानाने वागत.

सुज्ञ वाचकहो, आपल्याकडे नेमके उलट घडते. गवंड्याला सिमेंटच्या गोणीगोणीचा जाब विचारतो आणि पेटीची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याला विचारण्याचा संकोच करतो. देवाचे द्रव्य म्हणजे देवस्व. त्याला हात लावू नये, हे आपले शास्त्रही सांगते. कौटिल्याने अपहाराचे चाळीस प्रकार मोजले, ते माणसाचा स्वभाव ओळखूनच. मुरबाडकडून नाणेघाट चढून गेले की सातवाहनांच्या लेखात कोणत्या यज्ञात किती गायी, किती कार्षापण दिले, ते दगडावर कोरलेले आढळते. तेथला दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असे परंपरा सांगते. दोन हजार वर्षांपूर्वी दान शिळेवर लिहिले गेले. आज ते सभामंडपातल्या फळ्यावर लिहिण्यास अडचण कोणती?

सांप्रत समृद्धी महामार्ग शहापुरातून गेला आहे. जमिनींचे मोल वाढले आहे आणि गावोगावी देवळांचे जीर्णोद्धार चालले आहेत. ही श्रद्धेचीच खूण आहे. परंतु पैसा वाढला की संशयही वाढतो आणि संशयाने गावात दोन तट पडले की देव एकटा पडतो. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याने विश्वस्तांवर हिशेबाचे बंधन घातलेच आहे. तथापि कायद्याच्या धाकाने ठेवलेला हिशेब आणि सेवा म्हणून ठेवलेला हिशेब यांत अंतर आहे. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. प्रामाणिक पुजाऱ्याचे ते कवच आहे.

या आख्यानाचा शेवट कडू आहे. यहोयादा एकशेतीस वर्षांचा होऊन वारला. राजा नसतानाही राजांच्या शेजारी त्याला पुरले गेले. त्यानंतर योवाश बहकला आणि उपकारकर्त्याच्याच पुत्राला, जखऱ्याला, त्याने मंदिराच्या अंगणात दगडांनी मारविले. एका सज्जनाच्या जिवावर उभी राहिलेली सेवा त्याच्याबरोबर संपू शकते, म्हणून चांगली रीत माणसावर न ठेवता गावाच्या अंगवळणी पाडली पाहिजे.

तेव्हा यंदा यात्रा उलगडल्यावर प्रत्येक गावाने एवढे करावे: ग्रामस्थांसमक्ष पेटी उघडावी, दोन निरनिराळ्या घरांतील माणसांनी रक्कम मोजावी आणि आकडा देवासमोर वाचून दाखवावा. ती देखील एक आरतीच होय.