ओढण्याची ताकद पाहिली, सावरण्याची कोण पाहणार?

व्हॅनमागे कॅराव्हॅन जोडताना बहुतेक खरेदीदार एकच आकडा विचारतात: व्हॅन किती किलो ओढते? सुरक्षिततेच्या दृष्टीने हा आकडा फारच थोडे सांगतो. युरोपीय नियमांत ओढण्याची मर्यादा ठरवताना भरलेली जोडगाडी १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा जागेवरून निघते का, हे पाहिले जाते. त्यात कस लागतो तो मुख्यतः इंजिनाचा आणि क्लचचा. भरधाव ट्रक शेजारून गेला आणि त्याच्या झोताने कॅराव्हॅन डुलू लागली, तर व्हॅन तिला आवरेल का, हे त्यातून कळत नाही.

ते ठरते दोन्ही गाड्यांच्या वजनांच्या प्रमाणावर. कॅराव्हॅनचे भरलेले वजन व्हॅनच्या कर्ब वेटच्या, म्हणजे प्रवासी आणि सामान वगळून असलेल्या वजनाच्या, ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे, असा ब्रिटनमधील कॅराव्हॅन संस्थांचा जुना सल्ला आहे. १,९०० किलोच्या व्हॅनला या हिशेबाने सुमारे १,६१५ किलोची कॅराव्हॅन शोभते. मग त्याच व्हॅनच्या कागदावर २,५०० किलोची मर्यादा का असेना. अनुभवी चालकाने १०० टक्क्यांपर्यंत जायला हरकत नाही, असेही हाच सल्ला म्हणतो. ही सवलत फार सैल हाताने वापरली जाते. अनुभवाने चालकाला धोका लवकर कळतो, पण मागचे वजन एक किलोनेही घटत नाही.

व्हॅनच्या बाबतीत आणखी एक चकवा आहे. गाडीच्या पत्र्याच्या पट्टीवर वजनाचे चार आकडे एकाखाली एक असतात: भरलेल्या व्हॅनचे कमाल वजन, जोडगाडीचे कमाल एकूण वजन, आणि पुढच्या व मागच्या आसाची मर्यादा. समजा, पहिला आकडा ३,००० आणि दुसरा ५,००० आहे. व्हॅन पूर्ण भरली, तर मागे फक्त २,००० किलो उरतात. पत्रकातले २,५०० हाताशी येतात ते व्हॅन ५०० किलोने हलकी ठेवली तरच. सायकली, तंबू, माणसे आणि आठवड्याचा शिधा भरणाऱ्या कुटुंबाला हे विक्रीच्या टेबलावरच सांगायला हवे. अनेकदा ते सांगितले जात नाही.

तिसरा हिशेब हिचवर येणाऱ्या भाराचा, म्हणजे नोज वेटचा. तो कॅराव्हॅनच्या प्रत्यक्ष वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा. १,५०० किलोला ७५ ते १०५ किलो. मात्र टो-बार आणि हिच यांपैकी ज्याची मर्यादा कमी, ती ओलांडता कामा नये. भार फार कमी पडला की कॅराव्हॅन शेपटी मारू लागते. फार वाढला की व्हॅनची पुढची चाके हलकी होतात. चाकांमधले अंतर ३ मीटर आणि टो-बॉल मागच्या आसापासून १.२ मीटर मागे असेल, तर ९० किलोचा भार मागच्या आसावर १२६ किलो होऊन उतरतो आणि पुढच्या आसावरचे ३६ किलो उचलले जातात. मागे लांब निघालेल्या व्हॅनमध्ये हा परिणाम वाढतो. म्हणून जड सामान कॅराव्हॅनच्या आसाजवळ, तळाशी ठेवायचे.

ब्रिटनमध्ये १९९७ पासून परवाना घेणाऱ्यांना मोठा ट्रेलर ओढण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली आणि साध्या कार-परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येऊ लागला. ट्रकचालकांच्या तुटवड्यामुळे परीक्षकांचा वेळ मोकळा करणे, हे त्यामागचे कारण होते. कारण खरे होते. तरी परीक्षा काढताना जोडी जुळवण्याची जबाबदारी नवख्या चालकावर पडली, तिची भरपाई करणे गरजेचे होते. ८५ टक्के हा आजही निव्वळ सल्लाच आहे.

महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. इथे कोकणात उतरायचे तर घाट टळत नाही. ओढायच्या कॅराव्हॅनचे ब्रेक सहसा पुढच्या गाडीवर येणाऱ्या रेट्याने लागतात. लांब उतारावर हा रेटा सतत राहतो, ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होत जाते. कमी गिअरमध्ये उतरणे हा त्यावरचा उपाय खरा, पण जोडीच विजोड असेल तर तोही अपुरा पडतो. त्यामुळे ओढायची कॅराव्हॅन विकताना किंवा भाड्याने देताना त्या विशिष्ट व्हॅनच्या पट्टीवरची चारही वजने, कॅराव्हॅन आणि व्हॅन यांच्या वजनांचे प्रमाण आणि नोज वेट लिहिलेला सहीचा कागद देणे बंधनकारक करावे. भरलेली कॅराव्हॅन वजनकाट्यावर नेऊन त्याची पावती या कागदाला जोडावी; ऊस आणि वाळूच्या गाड्यांसाठी असे काटे राज्यात जागोजागी आहेतच.