वाटा घेताना मूळ पाहा

अलिबागजवळच्या एका भगिनीचं पत्र आहे. त्या लिहितात, "आमच्या वाडीत झाडांखाली पाऊस पडला की पांढऱ्या छत्र्या उगवतात. बाजारात कातकरी बायका विकतात तशाच दिसतात. सासूबाई म्हणतात, चांदीचा रुपया टाकून उकळा, काळा पडला नाही तर खुशाल खा. तसं करावं का?"

नाही, भगिनी, मुळीच करू नये. सासूबाईंचा मान राखून त्यांना एवढंच सांगा, की चांदी काळी पडते ती गंधकामुळे. अळंबीतल्या जीवघेण्या विषाने ती काळी पडत नाही. लसूण घालून पाहणं, चिंचेच्या पाण्यात उकळणं, 'किड्याने खाल्लीय ना, मग चांगली' असं म्हणणं, यांतल्या एकाही परीक्षेवर विसंबू नये.

आषाढ-श्रावणात पेण-अलिबागकडे पानावर वाटे लावून विकतात, ती अळंबी वारुळाची. वाळवी वारुळात पालापाचोळा आणून त्यावर बुरशी पोसते आणि तिच्यावर जगते. पावसात त्याच बुरशीच्या छत्र्या वर येतात. म्हणून या अळंबीला लांब मूळ असतं, थेट वारुळात गेलेलं. ही जोडी अजून कुणाला शेतात जमवता आलेली नाही, त्यामुळे ही अळंबी रानातूनच येते.

दुसऱ्या काही अळंब्यांचा संसार झाडांशी असतो. बुरशीचे तंतू झाडाच्या कोवळ्या मुळांना वेढतात, पाणी आणि क्षार पुरवतात. झाड त्यांना साखर देतं. फ्रांक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली या भागीदारीला नाव दिलं. आपल्या किनाऱ्यावरचं सुरूचं झाडही अशी सोबत करतं. मध्य प्रदेशातल्या सालवनात अशा कित्येक अळंब्या उगवतात आणि काही लोक आवडीने खातातही. पण याच गोतावळ्यात अमानिटा नावाचं कुळ आहे. त्याच्या शेकडो जाती, बहुतेक झाडांच्या सोबतीने राहणाऱ्या. काही खाण्याजोग्या, तर काही जगातल्या सर्वांत विषारी. देठाच्या बुडाशी पिशवी, वर झालरीसारखं कडं, खालचे पडदे पांढरे, ही त्यांची ओळख. मात्र पावसाने कडं गळून जातं आणि देठ वरून खुडला की पिशवी मातीतच राहते. म्हणून ही खूण वाचून कुणी वेचायला निघू नये.

या विषाचा कावा असा, की ते शिजवून जात नाही, वाळवूनही जात नाही. जेवल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात. दुसऱ्या दिवशी बरं वाटू लागतं, घरचे निर्धास्त होतात, आणि तेव्हाच यकृत निकामी होत असतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानअळंबी खाऊन १३ जण दगावले. त्यांत चहाच्या मळ्यांतली कुटुंबं होती.

ज्यांच्या लेकी-सुना परदेशी आहेत, त्यांनी हे तिकडेही कळवावं. तिथे ओकच्या झाडाखाली 'डेथ कॅप' ही अमानिटा उगवते. २०११ च्या शेवटच्या रात्री ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे ती खाऊन दोघे दगावले. त्यांतला एक तर चीनहून आलेला स्वयंपाकी होता. त्याच्या देशात तशाच दिसणाऱ्या अळंब्या खातात. एका मुलखातली पारख दुसऱ्या मुलखात चालत नाही, ती अशी.

तेव्हा एवढं पाळावं :

दरवर्षी जिच्याकडून घेता, तिच्याकडूनच घ्या. कुठून आणली ते विचारा. तिची पारख आईकडून आलेली असते, तिच्या दोन रुपयांवर घासाघीस करू नका.

मुळासकट असलेलीच घ्या. नुसत्या टोप्यांचा किंवा मिसळीचा वाटा नको.

त्याच दिवशी करा. माती सुरीने खरवडून तीन-चार पाण्यांतून धुवा. कांदा, ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि आमसूल घालून चांगली शिजू द्या. श्रावणात मासळी बंद असली की घरातली मंडळी या रश्श्यावर खूश असतात. पहिल्यांदा खाणाऱ्याला थोडीच वाढा. लहान मुलांना नकोच.

दोन-चार तुकडे न शिजवता बाजूला ठेवा. खाल्ल्यावर कुणाला उलट्या-जुलाब झालेच, तर घरगुती उपाय करत बसू नका. ते तुकडे घेऊन सरळ मोठ्या दवाखान्यात जा. मध्येच बरं वाटलं तरी परत फिरू नका.

आणि वाडीतल्या त्या छत्र्या? त्या झाडाच्या सोबतिणी असतील. झाडाखालीच राहू द्या.