जुने रान राखा, पण खर्च शेतकऱ्याच्या माथी नको



अभयारण्य हा शब्द काढला की आपल्या बैठकीत कपाळाला आठ्या पडतात. त्यात नवल नाही. कपाशीला बोंडे धरली, ज्वारी हुरड्यात आली, की रात्रभर मचाणावर बसून डबे वाजवायचे शेतकऱ्याने. रानडुकरे आणि रोही मात्र सरकारी पाहुणे! पिकाची नासाडी झाली तर पंचनाम्यासाठी खेटे घालायचे तेही शेतकऱ्यानेच. म्हणून शेतकरी जंगलाचा वैरी, असे शहरातले शहाणे धरून चालतात. आपले भांडण जंगलाशी नाही, त्याचा खर्च आपल्या गळ्यात टाकणाऱ्यांशी आहे. हे आपण नीट मांडले नाही तर जंगलही जाईल आणि बोलही आपल्यालाच लागेल.

गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीला सुमारे ६ हेक्टरांचा, म्हणजे १५ एकरांचा एक तुकडा आहे. आजूबाजूला सागाची तोड वर्षानुवर्षे चालली, पण हा तुकडा वनखात्याने जसाच्या तसा राखला. 'वनवैभव' या नावाने तो ओळखला जातो. २०१४ साली सरकारने त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. राज्यातले असे ते पहिले स्थळ.

१५ एकरांचे एवढे कौतुक कशाला? शेतीशास्त्र शिकलेला माणूस म्हणून सांगतो, झाड लावता येते, जुने जंगल लावता येत नाही. म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत घुबड राहते, ते ज्वारीतला उंदीर खाते. उंच फांदीला आग्या मोहोळ बसते, त्याच्या माश्या तुरीच्या आणि सूर्यफुलाच्या फुलांवर येतात. पिढ्यान् पिढ्या पालापाचोळा कुजून झालेली माती पावसाचे पाणी पोटात घेते. तेच पाणी उघड्या बरडावर पडले की माती घेऊन ओढ्याला जाते. कोरडवाहू शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही.

सरकारने २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला होता. झाडे लावू नका असे कोण म्हणेल? पण खाणीसाठी, रस्त्यासाठी जुने रान तोडायचे आणि बदल्यात दुसरीकडे रोपे लावून हिशेब फिटला म्हणायचे, ही फसवणूक आहे. दुभती म्हैस सोडून न्यायची आणि दावणीला पारडू बांधायचे, त्यातला हा प्रकार.

मग राखायचे कसे? २००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे राज्य सरकारने स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून वारसा स्थळ जाहीर करायचे असते. त्यामुळे ज्याचे आर्थिक नुकसान होईल त्याला भरपाई देण्याची योजना करावी, हेही त्याच कलमात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वन राखण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरांवर तो मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू आपणच विकला. गाव रान राखते आणि रानाचे उत्पन्नही गावात येते.

हिंगोलीत आलापल्लीसारखे रान उरले नाही. पण कळमनुरी, औंढ्याच्या डोंगरांत रानाचे तुकडे आहेत, देवाच्या नावाने कुऱ्हाडीपासून वाचलेली झाडे आहेत. पैनगंगेच्या पलीकडे तर अभयारण्यच आहे. २०१९ साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात पट्टा घेऊन निघाला, तो आपल्या जिल्ह्यातून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. त्याला शीव कळत नाही, सातबारा कळत नाही. रान आणि शेत यांचा संसार एकमेकांना धरूनच आहे.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत असा ठराव घ्यावा असे मला वाटते :

१. प्रत्येक ग्रामसभेने आपल्या शिवारातल्या जुन्या रानाची आणि देवाच्या झाडीची यादी करावी. ग्रामसभेच्या संमतीनेच त्याला वारसा स्थळ करावे. पाऊलवाट, देवदर्शन आणि भोवतालची चराई यांचे हक्क जाहीर करतानाच लिहून द्यावेत.

२. वन्यप्राण्यांनी खाल्लेल्या पिकाची भरपाई बाजारभावाने आणि ठरल्या मुदतीत मिळावी. रानालगतच्या शेतांना कुंपण सरकारी खर्चाने व्हावे.

३. आपणही शब्द द्यावा, की गाभ्याच्या रानात आपली कुऱ्हाड जाणार नाही आणि आपली गुरेही जाणार नाहीत.

तिसरे कलम काहींना जड जाईल. पण ते नसेल तर पहिली दोन मागायला आपल्याला तोंड राहणार नाही. जुने रान साऱ्या देशाचे आहे ना? मग त्याची राखणही साऱ्या देशाच्या तिजोरीतून व्हावी, एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या कणसातून नको.