चोर म्हणवत नाही, खरं सांगवत नाही

अपघाताची गाडी गॅरेजला आली की विम्याचा सर्व्हेअर म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : चालवत कोण होतं? बंपर, रेडिएटर, चॅसिस हे सगळं नंतर. सांगली, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यात हे काम करताना एक गोष्ट ध्यानात आली आहे. मालकाने स्वतः गाडी ठोकली असेल तर उत्तर लगेच मिळतं. पगारी ड्रायव्हरने ठोकली असेल तर त्याहून लवकर मिळतं. घरातल्याच कुणी न विचारता नेली असेल, तर आधी चहा येतो.

मागच्या पावसाळ्यातलं एक प्रकरण. विश्रामबागेत राहणारे निवृत्त शिक्षक, गावाकडून कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आलेला विशीतला भाचा, आणि दाराशी उभी पांढरी स्विफ्ट. रात्री घर झोपल्यावर भाच्याने खुंटीवरची किल्ली काढली आणि मित्रांना घेऊन कोल्हापूरला तांबडा-पांढरा ओरपायला गेला. परतताना पहाटे अंकलीच्या अलीकडे दूधवाल्याच्या मोटारसायकलला धडक बसली. दूधवाल्याचा पाय मोडला, गाडी झाडावर गेली. पोराकडे फक्त शिकाऊ परवाना होता.

गुरुजी मला म्हणाले, ‘‘साहेब, मीच चालवत होतो.’’ मी ड्रायव्हरच्या सीटकडे पाहिलं. ती पार मागे सरकवलेली होती. गुरुजींची उंची बेताची, त्या सीटवर बसून त्यांचा पाय क्लचपर्यंत पोचला नसता. सिव्हिलच्या कागदावर छातीला पट्ट्याचा मार लागल्याची नोंद भाच्याच्या नावावर होती. खोटं बोलायचा सराव नसलेल्या माणसाचं खोटं असंच उघडं पडतं. सराव असलेल्यांचंही पडतं, थोडं उशिरा. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये अल्पवयीन मुलाच्या हातातल्या पोर्शेने दोघांचा जीव घेतला, तेव्हा घरच्या ड्रायव्हरने गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून त्याच्यावर दबाव आणल्याचा आरोप पोलिसांनी कुटुंबावर ठेवला. पैसा वेगळा, पण मनात पहिला येणारा विचार तोच : माणूस बदला.

कीव अशासाठी येते की पुष्कळदा या खोट्याची गरजच नसते. आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत ‘ड्रायव्हर’ म्हणजे मालकच असं नसतं. वैध परवाना असलेला कुणीही चालवत असेल तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम बसतो. परवाना असलेल्या मुलाने, सुनेने, मेव्हण्याने गाडी ठोकली आणि दारूची भानगड नसेल, तर त्यांचं नाव बेधडक लिहावं. तरी लोक मालकाचं नाव लिहितात आणि मिळणारा क्लेम खोट्या माहितीपायी घालवतात. शिकाऊ परवान्यालाही पॉलिसीत जागा आहे, पण नियम पाळून : शेजारी पक्का परवाना असलेला शिकवणारा हवा आणि गाडीवर ‘एल’ हवा. रात्री मित्रांचं टोळकं घेऊन निघालेल्याला ती सवलत नाही. गुरुजींच्या गाडीची दुरुस्ती त्यांच्याच खिशातून होणार, हे पहिल्या दिवशीच दिसत होतं.

एजंटाने त्यांना दुसरी वाट दाखवली होती : ‘‘चोरी दाखवा.’’ हे बोलायला सोपं आहे. चोरीच्या क्लेमला कंपनी दोन्ही अस्सल किल्ल्या मागते. एक किल्ली गाडीतच सापडली, तर चोराला ती कुणी दिली? फास्टॅगवर किणी किंवा तासवड्याच्या नाक्याची वेळ उमटलेली असते. शेवटी पोलिसांचा अहवाल लागतो. महाराष्ट्रात गुन्हा खरा पण तपास लागला नाही, तर ‘अ समरी’ होते. फिर्यादच खोटी निघाली तर ‘ब समरी’, आणि मग खोटी माहिती दिली म्हणून फिर्यादीच आरोपी होतो. शिवाय ज्याला वाचवायचं त्याच पोरावर चोराचा शिक्का बसतो. न्यायालयाच्या लेखी गाडी परत आणून ठेवायचा इरादा होता एवढ्याने चोरी टळत नाही. जोधपूरच्या हवाई दल अकादमीतल्या प्रशिक्षणार्थीने १९५२ मध्ये हार्वर्ड विमान परवानगीविना उडवलं आणि ते पाकिस्तानात उतरलं. विमान कायमचं ठेवून घ्यायचं नसलं तरी चोरी होते, असं १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं. तांबड्या रश्श्यासाठी नेलेली स्विफ्ट या निकालाच्या तडाख्यातून सहज सुटेलच, असं मी कुणाला सांगणार नाही.

पण कायद्याला नाती कळत नाहीत, असंही नाही. दंड संहितेत चोरीच्या व्याख्येखाली १८६० पासून एक उदाहरण होतं, ते न्याय संहितेतही तसंच आलंय. मित्र घरी नसताना त्याच्या कपाटातलं पुस्तक वाचायला नेलं, आणि त्याची हरकत नसणार असं नेणाऱ्याला मनापासून वाटत होतं, तर ती चोरी नव्हे. मोटार वाहन कायद्यात तर यासाठी स्वतंत्र कलमच आहे, १९७. मालकाच्या संमतीवाचून गाडी नेऊन चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि लगेच पुढे सूट : विचारलं असतं तर मालक हो म्हणाला असता, असं नेणाऱ्याला रास्तपणे वाटत असेल तर शिक्षा नाही. हे लिहिणाऱ्याच्या घरी भाचा असावा, अशी मला दाट शंका आहे.

माझं म्हणणं या कलमाबद्दलच आहे. घरातल्याने गाडी नेली की आपल्याकडे दोनच शब्द चालतात, ‘चोरी’ आणि ‘घरचा मामला’. मधला शब्द कायद्यात आहे, तो कुणी उच्चारत नाही. ठाणे अंमलदार म्हणतो, आपसात मिटवा. फारच मागे लागलात तर एनसी करून देतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली तर तो नोंदवायलाच हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी प्रकरणात २०१३ मध्ये बजावलं आहे. मात्र कौटुंबिक वादात आधी प्राथमिक चौकशी करायची मुभा त्याच निकालात आहे आणि ठाण्यांना नेमकी तेवढीच पाठ आहे. पोलिसांची अडचण मला कळते. आज ‘चोर पकडा’ म्हणणारा काका उद्या ‘तक्रार मागे घेतो’ म्हणत येतो, आणि गुन्हा एकदा दाखल झाला की तो काकांच्या सांगण्यावरून ठाण्यात मिटत नाही, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून तर जे घडलं तेवढंच नाव त्याला पहिल्या दिवशी द्यायला हवं.

मालकाचा त्यात मोठा फायदा आहे. परवाना नसलेल्याला गाडी चालवू देणं हा मालकाचा स्वतंत्र गुन्हा आहे. ‘मीच दिली होती’ असं भाच्याच्या प्रेमापोटी म्हणणारा मामा स्वतःहून त्यात पाय घालतो. दूधवाल्यासारख्या तिऱ्हाइताची भरपाई सहसा कंपनीला भरावीच लागते. प्रश्न असतो, ती नंतर मालकाकडून वसूल करता येईल का. स्वर्ण सिंग प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालकाकडे परवाना नव्हता एवढ्यावर कंपनी सुटत नाही, मालकाने रास्त काळजी घेतली नाही हे तिने सिद्ध करायला हवं. म्हणजे ‘माझ्या संमतीशिवाय नेली’ हे खरं वाक्य मालकाची ढाल आहे. ‘मीच चालवत होतो’ म्हटलं की ती आपल्याच हाताने फेकली. अल्पवयीनांचं मात्र वेगळं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलाच्या हाती गाडी सापडली की पालकाची किंवा मालकाची संमती होती असंच न्यायालय धरून चालतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. तिथे खुंटीवर किल्ली टांगणाऱ्या बापाला मला काहीही सहानुभूती नाही.

मेव्हण्याला महिन्यासाठी दिलेली आणि वर्ष झालं तरी परत न आलेली गाडी, हाही प्रकार नेहमीचा. आपण राजीखुशीने किल्ली दिली, ही चोरी कशी, असं कंपनी विचारते. पोलीस म्हणतात, हा विश्वासघात. गंमत बघा, चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, या विश्वासघाताला पाचपर्यंत, आणि मोठ्या गुन्ह्यात विम्याचा पैसा मिळायची मारामार. तोवर चलनं येतात ती आरसीवर नाव असलेल्याच्या मोबाइलवर.

आणखी एक गोष्ट, जी गॅरेजमध्ये कुणाला सांगायचा धीर होत नाही. पॉलिसीतलं सक्तीचं पंधरा लाखांचं अपघाती संरक्षण मालक-चालकाचं असतं, गाडी नेणाऱ्या भाच्याचं नव्हे. मागून नेलेल्या गाडीवर स्वतःच्याच चुकीने माणूस गेला, तर तो मालकाच्या जागी उभा असतो, तिऱ्हाईत नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने निंगम्मा प्रकरणात २००९ मध्ये म्हटलं. घरातल्या ज्यांच्या हाती गाडी जाते त्यांचं वैयक्तिक अपघाती संरक्षण वेगळं घ्यावं. हप्ता फार नसतो.

क्लेमच्या फॉर्मवर चालकाचं नाव, परवाना क्रमांक, वैधता हे सगळं विचारतात. त्याला मालकाची संमती होती का, हा रकाना मी हाताळलेल्या फॉर्मवर तरी नव्हता. तो छापायला कंपन्यांना एक ओळ लागेल. ठाण्याच्या भिंतीवर सायबर फसवणुकीचं पोस्टर असतं, तसं १९७ चं एक लावायला काय हरकत आहे?

गुरुजींना मी एवढंच म्हणालो की सीट मी पाहिली आहे. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘बहिणीला काय तोंड दाखवू?’’ भाचा मागेच उभा होता, हाताला बँडेज. तो म्हणाला, ‘‘मामा, मी सांगतो.’’ दोघे ठाण्यात गेले. गुरुजींनी १९७ चं नाव काढल्यावर हवालदार म्हणाला, ते आम्ही लावत नाही. त्याने ते लावलंही नाही, धडकेचा गुन्हा तेवढा भाच्यावर नोंदवला. पण गुरुजींनी आग्रह धरला म्हणून जबाबात एक वाक्य उतरलं : गाडी माझ्या भाच्याने मी झोपलेलो असताना, मला न विचारता नेली. गाडीचा क्लेम कंपनीने नाकारला, तो बरोबरच होता. दूधवाल्याच्या भरपाईचा दावा न्यायाधिकरणात चालू आहे, आणि ती रक्कम गुरुजींकडून वसूल करून मागणारा कंपनीचा वकील दर तारखेला त्या एका वाक्याशी येऊन अडतो.