मोजले किती, आणि मोजले काय?

विद्यार्थी मित्रांनो, रायगड जिल्ह्यात तालुके किती, असे विचारले तर तुम्ही चटकन '१५' म्हणाल. उत्तर बरोबर आहे. पण हेच उत्तर संगणकाने मोजून दिले, तर त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा काय? माझे मत असे की, तीन प्रश्न विचारल्याशिवाय ठेवू नये.

आज प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे अर्ज संकेतस्थळांवर भरले जातात. त्यांत 'तालुका निवडा' अशी यादी असते. संकेतस्थळात काही बदल केला की, यादी शाबूत आहे ना, हे दर वेळी माणसाने पाहणे कंटाळवाणे. म्हणून हे काम एका आज्ञावलीकडे सोपवतात. ती माणसासारखीच ब्राउझर उघडते, बटणे दाबते आणि पानावर ठरावीक खुणेचे घटक किती आहेत ते मोजते. संख्या अपेक्षेप्रमाणे आली तर चाचणी पास, नाही तर नापास. अशा चाचण्यांसाठी जगभर वापरले जाणारे 'सेलेनियम' हे साधन जेसन हगिन्स यांनी २००४ साली अमेरिकेत शिकागो येथे तयार केले.

पहिला प्रश्न : मोजले काय? समजा, विधानसभेच्या २८८ मतदारसंघांच्या यादीत 'ज्या नावात कर्जत आहे ती नावे मोज' असे संगणकाला सांगितले. उत्तर येईल २. एक आपले रायगडचे कर्जत आणि दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत जामखेड. 'नेमके कर्जत एवढेच नाव मोज' म्हटले, तर उत्तर १. मात्र राज्यातील तालुक्यांच्या यादीत नेमके कर्जत शोधले तरी पुन्हा २ येतील. कारण त्या नावाचे तालुके दोन्ही जिल्ह्यांत आहेत. तेथे खुणेत जिल्हाही सांगावा लागेल. संगणक कोठेच चुकला नाही. आपला प्रश्न सैल होता.

दुसरा प्रश्न : मोजले केव्हा? संकेतस्थळाचे पान पुष्कळदा एकदम येत नाही. आधी त्याचा सांगाडा दिसतो, मग यादी येते. गाडी फलाटाला लागण्यापूर्वीच डबे मोजायला गेलो, तर उत्तर शून्यच येणार! सेलेनियमला 'जुळणारे सर्व घटक दे' म्हटले आणि एकही सापडला नाही, तर ते तक्रार करत नाही, मुकाट्याने रिकामी यादी देते. 'तीन सेकंद थांबून मोज' हा उपाय अपुरा आहे. जलद जोडणीवर तो चालेल, पण डोंगराआडच्या वाडीत, जेथे फोनला धड रेंज नाही, तेथे फसेल. ठरलेल्या मुदतीपर्यंत पुन्हा पुन्हा मोजावे आणि संख्या जुळताच थांबावे, हे बरे. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे अपेक्षाच शून्याची असणे. 'पानावर चुकीचा एकही संदेश नसावा' ही चाचणी कोऱ्या पानावरही पास होते! म्हणून पान आले आहे, याची खात्री आधी हवी.

तिसरा प्रश्न : संख्या जुळली, पण वस्तू त्याच आहेत काय? समजा, यादीतून खालापूर गळाले आणि कर्जत दोनदा छापले गेले. बेरीज १५ च! चाचणी पास. पण खालापूरची एखादी मुलगी शेवटच्या तारखेला अर्ज भरायला बसली, तर तिला आपला तालुकाच सापडणार नाही. तेव्हा संख्येबरोबर नावेही ताडून पाहिली पाहिजेत.

मग मोजणे निरुपयोगी का? मुळीच नाही. ती एक चाळणी आहे, आणि चाळणीला भोक पडले आहे का, हेही तपासता येते. यादीतले एक नाव मुद्दाम काढा आणि चाचणी नापास होते का ते पाहा. जी चाचणी कधी नापास होऊच शकत नाही, तिच्या पास होण्याला किंमत ती काय?

शिक्षकांनाही एक विनंती आहे. प्रयोगशाळेत लंबकाची २० आंदोलने मोजताना घड्याळ सुरू करतानाच 'एक' म्हटले, तर 'वीस' म्हणेपर्यंत आंदोलने १९ च होतात. आवर्तकाल ५ टक्क्यांनी कमी येतो आणि त्यावरून काढलेले गुरुत्वत्वरणाचे मूल्य सुमारे ११ टक्क्यांनी वाढते. वहीत मात्र '२०' असेच लिहिलेले असते. म्हणून नुसत्या आकड्याला गुण न देता, तो कसा मोजला हे लिहिण्यालाही गुण द्यावेत. उत्तर जुळवण्याची सवय त्यानेच सुटेल.

मित्रांनो, एक खेळ करून पाहा. जिल्ह्यातील तालुक्यांची यादी लिहून तिच्यात एक चूक अशी लपवा की संख्या १५ च राहील. यादी शेजारच्या मित्राला द्या. तो फक्त मोजतो की वाचतोही, ते लगेच कळेल!