विश्लेषण : वजन उतरले; सैल त्वचेचे काय?

वजन कमी करणारी नवी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आली. मार्चमध्ये ‘मौंजारो’, जूनमध्ये ‘वेगोवी’. तेव्हापासून चर्चा होते ती त्यांच्या किमतीची, मळमळीची आणि इंजेक्शन थांबवल्यावर वजन परत वाढते का, याची. तीस-चाळीस किलो उतरवलेल्या माणसाला आरशात जे दिसते, त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. पोटावर लोंबणारी घडी, दंडाखाली हलणारी कातडी, मांड्यांवरच्या सुरकुत्या. ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या छायाचित्रांत माणूस बहुधा पूर्ण कपड्यांत असतो, हा योगायोग नव्हे.

हा प्रश्न आताच का?

बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया करणाऱ्यांना ही समस्या जुनीच आहे. अशा शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य रुग्णांना सैल त्वचेचा कमी-अधिक त्रास होतो. पण त्या रुग्णांची संख्या मर्यादित होती. आता इंजेक्शनांमुळे तितके नाही तरी त्याच्या जवळ जाणारे वजन शस्त्रक्रियेविना उतरू लागले आहे. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटले. टिर्झेपेटाइडच्या २०२२ मधील चाचणीत सर्वाधिक मात्रेवर ७२ आठवड्यांत ही घट सुमारे २१ टक्के होती. म्हणजे ११० किलोच्या माणसाचे सोळा ते तेवीस किलो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के महिला आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा स्थूल आहेत. ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद घराघरांत रंगवणाऱ्या महाराष्ट्राला वजन कमी करण्याची आस किती आहे, हे वेगळे सांगायला नको. वजन उतरवणाऱ्यांची संख्या वाढणार, तशी सैल त्वचा घेऊन जगणाऱ्यांचीही वाढणार.

त्वचा पुन्हा आवळत का नाही?

पायजम्याचे इलॅस्टिक दिवसभर ताणले तरी रात्री जागेवर येते. तेच वर्षानुवर्षे ताणून ठेवले, तर त्यातले रबर तुटते आणि मग कितीही धुऊन-वाळवून उपयोग नसतो. त्वचेचेही साधारण असेच होते. तिच्या मधल्या थरात दोन प्रकारचे धागे असतात. कोलॅजेन बळकटी देते, इलास्टिन ताणून सोडल्यावर पूर्ववत आणते. कोलॅजेन शरीर आयुष्यभर तयार करत राहते, वयानुसार वेग मात्र मंदावतो. इलास्टिनचे तसे नाही. त्याचा बहुतांश साठा गर्भावस्थेत आणि बालपणात तयार होतो. तो तुटला की मोठेपणी तशाच दर्जाचा नवा साठा जवळपास तयार होत नाही. स्थूलपणात हे धागे वर्षानुवर्षे ताणाखाली असतात. खूप वजन उतरवलेल्यांच्या त्वचेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा कोलॅजेनची जाळी विरळ आणि इलास्टिनचे धागे तुटलेले आढळले आहेत.

त्यामुळे किती त्वचा सैल होणार, हे बरेचसे आधीच ठरलेले असते. वय किती, जादा वजन किती वर्षे अंगावर होते, किती किलो उतरले, बाळंतपणे किती झाली, धूम्रपान आहे का, उन्हात किती काम केले, आणि आई-वडिलांकडून कशी त्वचा मिळाली. पंचविशीत दोन वर्षांपूर्वी वाढलेले पंधरा किलो उतरवणाऱ्याची त्वचा बहुधा सावरते. पन्नाशीत, वीस वर्षांचे पन्नास किलो उतरवणाऱ्याची पूर्णपणे सावरत नाही. त्याने व्यायामात कसूर केली म्हणून नव्हे. ‘हे करा आणि सैल त्वचा टाळा’ असे छातीठोक सांगणारे व्हिडिओ नेमकी ही गोष्ट गाळतात. मग त्या माणसाला वाटते, आपणच काही तरी चुकलो.

खरेच त्वचा, की उरलेली चरबी?

हे आधी तपासावे, कारण अनेक जण इथेच फसतात. हाताच्या पाठीवरची त्वचा चिमटीत धरा. ती किती पातळ आहे ते पाहा. मग पोटावरची घडी तशीच धरा. ती कागदासारखी पातळ, सुरकुतलेली आली तर ती त्वचा आहे. चिमटीत जाड, मऊ गादी आली तर त्यात अजून चरबी आहे आणि ती कमी होऊ शकते. शेवटी शेवटी उरलेली चरबी मऊ, लोंबती लागते आणि लोक तिला त्वचा समजून ‘आता आणखी उतरवले तर अधिकच लोंबेल’ म्हणून थांबतात. बाळंतपणानंतरच्या पोटाचे आणखी वेगळे. तिथे अनेकदा पोटाच्या मधोमध स्नायूंच्या दोन पट्ट्यांत अंतर पडलेले असते. पोट बांधल्याने आधार वाटतो, पण त्या अंतरावर फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम अधिक कामाचे. सरसकट उठाबशांच्या चालीने पोट मारणे तिथे उलट त्रासाचे ठरू शकते.

मग हाती काय उरते?

पूर्ण टाळणे नाही, पण कमी करणे. त्यात सर्वात मोठा वाटा स्नायूंचा. वजन उतरते तेव्हा फक्त चरबी जात नाही, स्नायूही जातात; खाणे एकदम तोडले, व्यायाम केला नाही आणि प्रथिने कमी पडली तर अधिकच जातात. त्वचेखालचा भरावच गेला की ती आणखी सैल दिसते. दंड आणि मांड्यांत हे स्पष्ट कळते. म्हणून वजन उतरवायला सुरुवात होईल त्याच आठवड्यात वजनाचा व्यायाम सुरू व्हायला हवा. सगळे उतरल्यावर ‘आता टोनिंग करू’ असे नव्हे. जिम हवीच असे नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीवर आणि पुढे जमिनीवर जोर काढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या किंवा बादली उचलणे, जिने चढणे. आठवड्यातून दोन-तीन दिवस, आणि दर काही आठवड्यांनी भार थोडा वाढवत. फक्त चालण्याने हृदयाला फायदा होतो, दंडाला नाही. जपानमधील मध्यमवयीन महिलांवरच्या २०२३ मधील एका अभ्यासात सोळा आठवड्यांच्या वजनाच्या व्यायामाने त्वचेच्या मधल्या थराची जाडी वाढल्याचे दिसले. त्या महिलांनी काही चाळीस किलो उतरवले नव्हते, त्यामुळे त्यावरून चमत्काराची अपेक्षा करू नये. पण दिशा कळते.

दुसरी गोष्ट प्रथिने. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. वजन उतरवताना आहारतज्ज्ञ त्याहून अधिक, साधारण १.२ ग्रॅमच्या आसपास सांगतात. ८० किलोला हे ९५ ग्रॅमच्या घरात जाते. आता आपले ताट मोजा. शिजलेल्या वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, शंभर ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत पन्नासच्या वर. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि पातळ आमटी यांत हिशेब जुळत नाही. वजन कमी करायचे म्हणून धरलेल्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर दाण्याचे कूट सोडता उरतो नुसता स्टार्च. इंजेक्शन घेणाऱ्यांची भूकच मरते. त्यांनी तर ताटात प्रथिनांचा पदार्थ आधी खावा, भात नंतर. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नयेत.

वेगाबद्दल मतभेद आहेत. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा सर्वसाधारण सल्ला. सावकाश उतरवल्याने त्वचा हमखास आवळते, असे म्हणता येणार नाही. पण सावकाशीत स्नायू वाचतात, खाणे सांभाळता येते, म्हणून तोच मार्ग बरा. सिगारेट आणि तंबाखू सोडणे मात्र वादातीत. धूर कोलॅजेन बिघडवतो आणि पुढे शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर जखम भरू देत नाही. आणि थांबणे. वजन स्थिर झाल्यावरही वर्ष-दोन वर्षे त्वचा थोडी थोडी आवळत राहते, म्हणून सहाव्या महिन्यात निकाल लावू नये.

तेल, क्रीम आणि कोलॅजेनची पावडर?

मालिशने त्वचा मऊ राहते, बरे वाटते. त्यापलीकडे काही नाही. त्वचेच्या वरच्या थरातून साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू सहजी आत शिरत नाहीत. कोलॅजेनचा रेणू सुमारे तीन लाख डाल्टनचा. ‘कोलॅजेन क्रीम’ ज्या थराची दुरुस्ती करण्याचा दावा करते, तिथे ते पोचतच नाही. प्यायच्या पावडरीचे पोटात तुकडे होतात, डाळीतल्या प्रथिनांचे होतात तसेच. काही चाचण्यांत त्वचेचा ओलावा आणि लवचीकता किंचित सुधारल्याचे दिसले. पण उत्पादकांच्या पैशांवर चाललेल्या चाचण्या बाजूला काढल्या की तो फायदा दिसेनासा होतो. शिवाय त्या चाचण्या सुरकुत्यांच्या होत्या, लोंबणाऱ्या पोटाच्या नव्हेत. त्याच पैशात महिनाभराची अंडी, दही आणि फुटाणे येतात. कोलॅजेन बांधायला क जीवनसत्त्व लागते हे खरे, पण त्याला रोजचा एक पेरू पुरतो.

घडीत ओल राहिली तर?

आपल्याकडे, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पावसाळ्यात हा सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. घडीखाली घाम साचतो, त्वचा त्वचेवर घासते, लाल होते, वास येतो, बुरशी धरते. साडीच्या परकराची नाडी नेमकी त्याच जागी काचते. घडी उचलून, टिपून कोरडी करणे आणि मध्ये सुती कापड ठेवणे हा रोजचा उपाय. संसर्ग झालाच तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. दुकानातून मागून आणलेल्या ‘नायट्याच्या ट्यूब’मध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असते. ते चार दिवस आराम देते, पण बुरशी चिवट होते आणि आधीच पातळ झालेली त्वचा आणखी पातळ होते.

शस्त्रक्रिया ही चैन आहे का?

बरीच जादा त्वचा असेल तर ती काढण्याचा खात्रीचा उपाय एकच, प्लास्टिक सर्जनची शस्त्रक्रिया. वजन किमान तीन ते सहा महिने स्थिर राहिल्यावर. बॅरिअ‍ॅट्रिकनंतर बहुधा वर्ष-दीड वर्षाने. पोटावर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत व्रण राहतो, जखमेत पाणी साचणे किंवा ती उशिरा भरणे हे त्रास विरळ नाहीत. पोट, दंड, मांड्या एका वेळी होत नाहीत. हे सगळे मान्य करूनही अनेकांना ती हवी असते. त्यांना अडवतो तो खर्च, आणि या खर्चाकडे पाहण्याची आपली सरकारी दृष्टी.

विमा नियामक ‘इर्डा’ने २०१९ मध्ये विम्यातून वगळायच्या बाबींची प्रमाणित शब्दरचना ठरवून दिली. तीत स्थूलतेच्या शस्त्रक्रियेला अटींवर दार उघडे आहे. बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ आणि सोबत गंभीर आजार, असे असेल तर दावा करता येतो. त्याच नियमावलीत कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी मात्र वगळलेली आहे. अपवाद अपघात, भाजणे, कर्करोग आणि आरोग्याला थेट, तातडीचा धोका असेल तेव्हा. जीएसटीचेही तसेच. आरोग्यसेवेला कर नाही, पण प्लास्टिक सर्जरीला तो लागतो, १८ टक्के. सूट आहे ती जन्मजात दोष, वाढीतील विकृती, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेले शरीर पूर्ववत करण्यापुरती. वजन उतरल्याने उरलेली त्वचा या यादीत नाही.

म्हणजे स्थूलता हा आजार, हे व्यवस्थेला पटले. उपचाराने मागे ठेवलेली, चालताना घासणारी, वारंवार चिघळणारी घडी ही मात्र नटण्या-मुरडण्याची हौस! हे तर्काला धरून नाही. प्रत्येक सैल दंडासाठी विम्याने पैसे द्यावेत, असे कोणी म्हणत नाही. पण ज्या घडीत वर्षभर उपचार करूनही संसर्ग परततो किंवा जिच्यामुळे चालणे अवघड होते, ती काढण्याची शस्त्रक्रिया स्थूलतेच्या उपचाराचाच भाग मानून नियमात स्पष्ट लिहायला हवी आणि तिच्यावरचा कर काढायला हवा. आणि बॅरिअ‍ॅट्रिक सर्जन किंवा इंजेक्शन लिहून देणारा डॉक्टर, दोघांनीही ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगायला हवी. पोट कमी झाल्यावर कळलेली माहिती रुग्णाच्या कामाची नसते.

नियम बदलेपर्यंत ‘थेट धोका’ हा अपवादच हाती आहे, आणि तो उपचार करणाऱ्या डॉक्टरने लेखी प्रमाणित करावा लागतो. म्हणून घडीतला संसर्ग दर वेळी दाखवावा, प्रत्येक चिठ्ठी आणि औषधाचे बिल जपावे, तारखेसह छायाचित्रे ठेवावीत. आणि शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी विमा कंपनीकडे पूर्वपरवानगीचा अर्ज करून होकार किंवा नकार, जे असेल ते, कारणासह लेखी मागावे.